मीटरवरच्या आकड्याला भुलू नका

जुनी मोटरसायकल बघायला गेलात की मीटर सगळ्यात शेवटी बघा. तो आकडा मागे फिरवता येतो, पायाखालच्या रबराची झीज मात्र लपत नाही. ब्रेक पॅडल, गिअर लिव्हर, किक आणि हँडलच्या ग्रिप नीट निरखा. मीटर 12,000 किलोमीटर सांगतंय आणि पॅडलवरच्या रेघा पार घासून गुळगुळीत झाल्या असतील, तर समजून जा.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. गाडी 2019 ची, मीटर दहा-बारा हजारांवर, आणि टायर मात्र दोन्ही 2023 चे? इतक्या कमी चालीत टायर सहसा बदलावे लागत नाहीत, मग मालकाला कारण विचाराच. सर्व्हिसची जुनी बिलं असतील तर उत्तमच, त्यांवर तारखेसकट किलोमीटर लिहिलेले असतात.

अॅव्हरेज किती देते, हे मालकाच्या तोंडून ऐकून सोडून द्या. साठ सांगायला कोणाचं काय जातंय! इंजिन थंड असताना स्टार्ट करायला लावा. निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, म्हणजे इंजिनकाम आलंच. तो खर्च किमतीतून वजा करा.

भाव ठरवताना पूर्ण विम्याची पॉलिसी असेल तर त्यातली आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, बघा, घासाघीस तिथून सुरू करा. टायर, चेन-स्प्रॉकेट, बॅटरी यांचे पैसे वेगळे कापा. थकलेली चलनं, आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, हे आधी तपासा. गाडी नावावर करायच्या आरटीओच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम हातात देऊ नका.