'निर्वासित स्वखुशीने परतले' ही बातमी कशी तपासायची

अशी बातमी आली की फॉरवर्ड करायच्या आधी एकच बघा, 'नाही जात' म्हणणाऱ्याचं काय होणार होतं? पाकिस्तानने ऑक्टोबर २०२३ मध्ये कागदपत्रं नसलेल्या अफगाणांना सांगितलं की १ नोव्हेंबरच्या आत निघा नाहीतर पकडून बाहेर काढू, मग अफगाण सीमेवरच्या तोरखम नाक्याला सामान लादलेल्या ट्रकांची रांग लागली. त्यातल्या बऱ्याच जणांना पोलिसांनी हातही लावला नव्हता, पण म्हणून ते खुशीने गेले का? मुदत आणि धमकी सोबत असेल तर 'स्वखुशी' खोडून टाका.

मग करार बघा. १९५१ च्या निर्वासित करारावर पाकिस्तान, बांगलादेश आणि आपण, तिघांचीही सही नाही. पण सही नाही म्हणजे रान मोकळं असं म्हणणारे खूप भेटतात, त्यांना छळविरोधी कराराचं कलम ३ दाखवा, जिथे छळ होण्याची खरी भीती आहे तिथे परत पाठवायचं नाही, आणि पाकिस्तान, बांगलादेश दोघंही त्यात आहेत. (आपण १९९७ ला सही केली, मंजुरी मात्र अजून नाही.)

आता सगळ्यात महत्त्वाचं, जाणाऱ्यांना कुणी विचारलं का आणि काय विचारलं. २२ ऑगस्ट २०१९ ला बांगलादेशात टेकनाफच्या कॅम्पजवळ बस उभ्या होत्या, म्यानमारने तिथून पळून आलेल्या ३,४५० रोहिंग्यांची नावं परतीसाठी मंजूर केलेली, यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) आणि बांगलादेशचे अधिकारी यादीतल्या कुटुंबांना विचारत होते, आणि बसमध्ये एकही माणूस चढला नाही. नोव्हेंबर २०१८ लाही हेच झालेलं. बांगलादेशवर टीका करण्यासारखं बरंच आहे, पण त्या दोन्ही वेळी त्यांनी जबरदस्ती केली नाही हे मान्य करायला हवं. लोकांचं म्हणणं साधं होतं, आधी नागरिकत्व द्या, सुरक्षेची हमी द्या, आमच्याच गावात जाऊ द्या.

म्हणून पलीकडे काय वाट बघतंय तेही शोधा. मे २०२३ मध्ये २० रोहिंग्यांना म्यानमारमधलं माउंगडॉ दाखवायला नेलं, तिथे त्यांच्यासाठी बांधलेल्या छावण्या दाखवल्या, परत येऊन ते म्हणाले गाव नाही तर जायचं नाही.

शेवटी बघा की परतलेल्यांपर्यंत यूएनएचसीआरला मोकळेपणाने जाता येतंय का. येत नसेल आणि बातमीत फक्त सरकारी आकडा असेल, तर शेअर करताना 'सरकारचा दावा' एवढं तरी जोडा.