व्हिएतनामी मित्राच्या घरी मुक्कामाला जाताना

मित्रांबरोबर त्यांच्यापैकी एकाच्या व्हिएतनाममधील नातेवाइकांकडे राहायला जाणार असाल, तर घरात कोण कोण आहे आणि कोण कोणापेक्षा मोठे, हे त्या मित्राकडून निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे. तेथील भाषेत ‘मी’ आणि ‘तुम्ही’ यांच्या जागी बहुधा नात्याचेच शब्द येतात; वडिलांचा थोरला भाऊ ‘बाक’ आणि धाकटा भाऊ ‘चू’ असतो, त्यामुळे वय ठाऊक नसेल तर साधी हाकही मारता येत नाही. दक्षिणेत तर थोरल्या अपत्याला ‘हाय’, म्हणजे ‘दोन’, म्हणतात. पहिला क्रमांक कोठे गेला, असा प्रश्न आपल्याला पडतोच.

जेवणापूर्वी धाकट्यांनी वडीलधाऱ्यांना ‘जेवावे’ अशी विनंती करण्याची रीत, विशेषतः उत्तरेत, अनेक घरांत पाळली जाते. तेवढे एक वाक्य पाठ करून ठेवावे. भेटवस्तू दोन्ही हातांनी द्यावी. भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक उभ्या खोचू नयेत, कारण ते मृतांसाठी लावलेल्या उदबत्त्यांसारखे दिसते. शाकाहारी असाल तर ‘आन चाय’ हा शब्द सर्वांना समजतो, परंतु भाजीत माशाचा रस, ‘नुओक माम’, घालू नये, हेही मित्राकडून आधीच कळवावे.

परदेशी पाहुणा मुक्कामी राहिल्यास यजमानाला स्थानिक पोलिसांकडे नोंद करावी लागते, आणि त्यासाठी साधारणपणे आगमनापासून 12 तासांची मुदत असते. म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाची छायाचित्रे यजमानांना आधीच पाठवावीत.