डेटाबेस सर्व्हर : आधी बंद करायला शिका

सोलापुरात राहून डेटाबेसच्या कामाला सुरुवात करणाऱ्यांची पहिली नोकरी बहुधा मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत नसते. अक्कलकोट रस्त्यावरील किंवा चिंचोळी एमआयडीसीतील एखादा टॉवेल-चादरीचा कारखाना, जिल्ह्यातील साखर कारखाना, सहकारी बँक किंवा रुग्णालय अशा ठिकाणी ती मिळते, आणि तेथे डेटाबेससाठी स्वतंत्र माणूस ठेवण्याची पद्धत नसल्यामुळे ज्याच्याकडे प्रिंटर, नेटवर्क आणि बिलिंगचे सॉफ्टवेअर असते त्याच्याच गळ्यात सर्व्हरही पडतो. मी टेरी टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्याच्या संगणक विभागातून याच वाटेने या कामात आलो. नव्याने येणाऱ्यांना एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. शिकवणी वर्गांत इन्स्टॉलेशन आणि क्वेरी यांवर महिने जातात, परंतु चालू सर्व्हर नीट बंद कसा करावा यावर एक तासही जात नाही. प्रत्यक्ष नोकरीत मात्र तुमची पारख नेमकी तेथेच होते.

सर्व्हर चालू आहे म्हणजे नेमके काय चालू आहे, हे आधी समजून घ्यावे लागते. डेटाबेस सर्व्हर प्रत्येक बदल लगेच मूळ डेटा फाइलमध्ये लिहीत बसत नाही. बदललेली पाने (डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे) तो मेमरीत ठेवतो आणि त्या बदलाची नोंद मात्र आधी एका क्रमवार लॉगमध्ये डिस्कवर पक्की करतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये या लॉगला वॉल म्हणतात, तर ओरॅकलमध्ये आणि मायएसक्यूएलच्या इनोडीबी या डेटा साठवणाऱ्या भागात रीडू लॉग म्हणतात. जुन्या पेढीवर व्यवहार आधी कीर्दीत उतरतो आणि खतावणीत सवडीने चढतो, तसाच हा प्रकार आहे. चेकपॉइंट म्हणजे मेमरीतील बदललेली पाने डेटा फाइलमध्ये नेऊन लिहिण्याचे काम. पोस्टग्रेसमध्ये ते मूळ सेटिंगनुसार दर ५ मिनिटांनी होते. सर्व्हर सुरळीत बंद होतो तेव्हा शेवटचा चेकपॉइंट पूर्ण होतो आणि पुढच्या वेळी तो काही क्षणांत उभा राहतो. तो अचानक पडला, तर पुढच्या सुरुवातीला लॉग वाचून राहिलेले सगळे बदल पुन्हा करावे लागतात, यालाच रिकव्हरी म्हणतात. कमिट झालेला, म्हणजे पक्का केलेला, व्यवहार दोन्ही प्रकारांत टिकतो, परंतु दुसऱ्या प्रकारात किती वेळ जाईल हे आपल्या हातात राहत नाही.

पोस्टग्रेस बंद करण्याच्या तीन रीती आहेत आणि त्या पाठ असल्याच पाहिजेत. स्मार्ट रीतीत नवीन जोडणी घेतली जात नाही, मात्र आधीपासून जोडलेला प्रत्येक जण स्वतःहून बाहेर पडेपर्यंत सर्व्हर थांबून राहतो. आजकाल बहुतेक ॲप्लिकेशन जोडण्यांचा साठा कायम उघडा ठेवतात, त्यामुळे ही रीत निवडली तर सर्व्हर संध्याकाळपर्यंतही बंद होत नाही. फास्ट रीतीत चालू व्यवहार रोलबॅक होतात (मागे फिरवले जातात), जोडण्या तोडल्या जातात, चेकपॉइंट होतो आणि मग सर्व्हर थांबतो, ९.५ या आवृत्तीपासून पीजी-सीटीएल या पोस्टग्रेस चालू-बंद करण्याच्या आज्ञेची हीच मूळ रीत आहे. इमिजिएट रीतीत चेकपॉइंट होतच नाही, म्हणजे पुढच्या सुरुवातीला रिकव्हरी अटळ असते.

येथे एक खड्डा आहे आणि पोस्टग्रेस व ओरॅकल दोन्ही हाताळणाऱ्यांनी तो ओळखून ठेवावा. ओरॅकलमध्ये शटडाउन इमिजिएट म्हणजे अर्धवट व्यवहार रोलबॅक करून व्यवस्थित बंद होणे, म्हणजेच पोस्टग्रेसच्या फास्टच्या जवळचे काम; पोस्टग्रेसच्या इमिजिएटशी जुळणारी ओरॅकलची आज्ञा शटडाउन अबॉर्ट ही आहे. एका डेटाबेसची सवय दुसऱ्यावर चालवली, तर रोजच्या साध्या बंदीत आपण विनाकारण रिकव्हरी ओढवून घेतो. ओरॅकलचे शटडाउन इमिजिएटही कधी कधी अर्धा तास हलत नाही, कारण कोणी तरी लाखो ओळींचा अपडेट अर्धवट सोडलेला असतो आणि तो उलटा फिरवला जात असतो. मायएसक्यूएलमध्ये हाच निर्णय इनोडीबी-फास्ट-शटडाउन या सेटिंगवर अवलंबून असतो. मूळ किंमत १ रोजच्या कामाला योग्य आहे, ० ठेवल्यास सगळी अंतर्गत साफसफाई पूर्ण करून सर्व्हर सावकाश बंद होतो, आणि २ ठेवल्यास तो जवळजवळ पडल्यासारखाच थांबतो.

आता ठरवून बंद करण्याचा एक प्रसंग जवळून पाहू. महावितरणने दुपारी देखभालीसाठी वीज बंद राहील असे कळवलेले असते. मी आधी पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी, म्हणजे चालू जोडण्यांची यादी, उघडतो. पंचवीस-तीस ओळींपैकी बहुतेकांपुढे आयडल लिहिलेले असते, म्हणजे जोडणी उघडी आहे पण काम चालू नाही. त्यांची चिंता नसते. एका ओळीपुढे मात्र आयडल इन ट्रान्झॅक्शन असे असते आणि वेळ चाळीस मिनिटांपूर्वीची दिसते. पत्त्यावरून तो डिस्पॅचचा संगणक आहे हे कळते. सोलापुरात सगळ्यांनाच मालक म्हणतात, तसा मी फोन करतो, "मालक, गेटपासची नोंद अर्धी ठेवून उठलात का? सेव्ह करा किंवा रद्द करा, सर्व्हर बंद करतोय." पलीकडून उत्तर येते, "थांबा सर, गाडीचा नंबर टाकायचा राहिलाय, दोन मिनिटं द्या." ती दोन मिनिटे द्यावीत. फास्ट रीतीने बंद केले असते, तर डेटाबेसच्या दृष्टीने काहीच बिघडले नसते. परंतु त्या माणसाची नोंद रोलबॅक झाली असती आणि त्याने नंतर वही काढून ती पुन्हा भरली असती. कोणता व्यवहार महत्त्वाचा आहे हे डेटाबेसला कळत नाही, ते आपल्याला विचारावे लागते.

त्यानंतरचा क्रम ठरलेला आहे. आधी ॲप्लिकेशन सर्व्हर आणि रात्रीचे आपोआप चालणारे जॉब थांबवायचे, कारण ते चालू राहिले तर तोडलेली जोडणी दर काही सेकंदांनी पुन्हा जोडू पाहतात. मग हाताने एक चेकपॉइंट करून घ्यायचा. मेमरीतील बरीच पाने तेव्हाच लिहिली गेल्यामुळे प्रत्यक्ष बंद होण्याचा वेळ कमी होतो. मग सर्व्हर थांबवायचा आणि लॉगच्या शेवटच्या ओळीत डेटाबेस सिस्टिम इज शट डाउन असे आल्याशिवाय यूपीएसच्या बटणाला हात लावायचा नाही. पीजी-सीटीएल मूळ सेटिंगनुसार ६० सेकंद वाट पाहते आणि त्यानंतर सर्व्हर बंद झाला नाही असे सांगून बाहेर पडते. आज्ञा वाया गेली असा याचा अर्थ नसतो, बंद होण्याचे काम मागे चालूच असते. नवा माणूस येथेच घाबरतो आणि किल उणे नऊ, म्हणजे प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) जबरदस्तीने मारण्याची आज्ञा, देतो.

ते कधीही देऊ नये. मुख्य प्रोसेसला असे मारले, तर ती आपल्या हाताखालच्या प्रोसेसना निरोप देऊ शकत नाही आणि सामायिक मेमरीही मोकळी करू शकत नाही. एखाद्या वापरकर्त्याचीच प्रोसेस अशी मारली, तरी पोस्टग्रेस सामायिक मेमरी बिघडली असल्याचे गृहीत धरून सगळ्यांच्या जोडण्या तोडतो आणि रिकव्हरी करून पुन्हा उभा राहतो. एका अडलेल्या क्वेरीपायी अख्ख्या कारखान्याचे काम अडते. क्वेरी थांबवायला पीजी-कॅन्सल-बॅकएंड आणि जोडणी तोडायला पीजी-टर्मिनेट-बॅकएंड ही फंक्शन आहेत, त्यांचा वापर करावा.

चालू करणे तुलनेने सोपे असते, आणि ओरॅकलमध्ये ते तीन पायऱ्यांत होत असल्यामुळे शिकण्यासारखेही असते. नोमाउंटमध्ये पॅरामीटर फाइल वाचली जाते, मेमरी घेतली जाते आणि पार्श्वभूमीच्या प्रोसेस सुरू होतात. माउंटमध्ये कंट्रोल फाइल उघडली जाते आणि डेटा फाइल व रीडू लॉग कोठे आहेत हे तिच्यातून कळते. ओपनमध्ये त्या फाइल प्रत्यक्ष उघडल्या जातात. गाडी कोणत्या पायरीवर अडली यावरून बिघाड कोठे शोधायचा हे लगेच ठरते, म्हणून अडचणीच्या वेळी एकदम स्टार्टअप न देता मी एकेक पायरी चढतो. डेटाबेस उघडला तरी लिसनर (बाहेरून येणाऱ्या जोडण्या घेणारी प्रोसेस) चालू नसेल, तर सर्व्हरवर बसलेल्याला सगळे ठीक दिसते आणि बाकी कोणालाच जोडता येत नाही. लिसनर आधीच चालू नसेल तर नव्याने उघडलेल्या डेटाबेसची ओळख त्याला पटायला एखादा मिनिट लागू शकतो; अशा वेळी ओआरए-१२५१४ ही चूक दिसली, तर लगेच फाइली उकरायला घेऊ नयेत.

वीज अचानक गेल्यानंतरची सुरुवात वेगळी असते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळीसच्या वर असतो आणि वळवाच्या वाऱ्यात वीज जाते-येते. यूपीएस आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही, कारण शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मे होते, आणि कारखान्यांत यूपीएस बहुधा वातानुकूलित खोलीच्या बाहेर जिन्याखाली ठेवलेला आढळतो. वीज आल्यावर पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये क्रमाने असे दिसते की डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, आपोआप रिकव्हरी चालू आहे, रीडू अमुक ठिकाणापासून सुरू होतो, रीडू संपला, आणि शेवटी जोडण्या स्वीकारायला तयार. या ओळींच्या मधल्या वेळेत जोडायला जाणाऱ्याला डेटाबेस सिस्टिम इज स्टार्टिंग अप असे उत्तर मिळते. विभागप्रमुख दारात उभे असतात, फोन वाजत असतो, तरी या वेळेत फक्त लॉग वाचायचा. सर्व्हिसची फाइल स्वतः लिहिली असेल, तर तिच्यातील वेळमर्यादा आधीच तपासून ठेवावी. लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीची मूळ मर्यादा ९० सेकंद आहे, आणि रिकव्हरीला त्याहून जास्त वेळ लागला तर सिस्टिमडीच सर्व्हरला मारून टाकते. म्हणून पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात ही मर्यादा इन्फिनिटी ठेवण्याची सूचना आहे.

रिकव्हरी संपल्यावर पहिली काही मिनिटे सगळे संथ वाटते, कारण मेमरी रिकामी असते आणि प्रत्येक पान डिस्कवरून येते. मायएसक्यूएल ५.७ पासून बंद होताना मेमरीतील पानांची यादी लिहून ठेवतो आणि चालू होताना ती पाने पुन्हा आणतो, त्यामुळे हा काळ कमी होतो. मात्र ही यादी नीट बंद झालेल्या सर्व्हरलाच लिहिता येते.

सगळ्यांत फसवा भाग सेटिंगचा आहे. काही बदल नुसत्या रीलोडने, म्हणजे सर्व्हर बंद न करता सेटिंग पुन्हा वाचायला लावून, लागू होतात, उदाहरणार्थ कोणाला कोठून जोडू द्यायचे हे ठरवणारी पीजी-एचबीए फाइल. शेअर्ड-बफर्स (पाने ठेवण्यासाठी राखलेली मेमरी) किंवा मॅक्स-कनेक्शन्स (जोडण्यांची कमाल संख्या) यांसारखे बदल मात्र रीस्टार्टशिवाय लागू होत नाहीत. आता असे समजा की कोणी तरी दिवाळीत शेअर्ड-बफर्सची किंमत सर्व्हरच्या रॅमपेक्षाही मोठी लिहून ठेवली आणि रीस्टार्ट केले नाही. सर्व्हर जुन्या किंमतीवर मजेत चालत राहतो, आणि मे महिन्यात वीज गेल्यावर तो उठतच नाही. सगळे जण विजेला बोल लावतात. म्हणून बंद करण्याआधी पीजी-सेटिंग्जमधील पेंडिंग-रीस्टार्ट हा रकाना आणि फाइलमधील चुका दाखवणारा पीजी-फाइल-सेटिंग्ज हा व्ह्यू पाहण्याची सवय लावून घ्यावी. मला विचाराल तर या दोन क्वेरी न चालवता केलेले रीस्टार्ट हा जुगार आहे.

आणखी एक सावधगिरी. डिस्क भरली म्हणून सर्व्हर पडला, तर जागा करण्यासाठी पीजी-वॉल या फोल्डरमधील फाइल हाताने पुसू नयेत. आवृत्ती १० पूर्वी याचे नाव पीजी-एक्सलॉग होते आणि साधे लॉग समजून ते पुसणारे अनेक निघाले, हे नाव बदलण्यामागचे एक कारण होते. जागा दुसरीकडून करावी.

सरावासाठी महागडे काही लागत नाही. जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन घ्यावे आणि त्यात पोस्टग्रेस घालावे. दोन खिडक्या उघडून एकीत व्यवहार अर्धवट ठेवावा, दुसरीतून तिन्ही रीतींनी सर्व्हर बंद करून पाहावा आणि प्रत्येक वेळी लॉगमधील ओळी वहीत उतरवाव्यात. मग एक मोठा इन्सर्ट चालू असताना व्हर्च्युअल मशीनची वीज तोडावी आणि कमिट झालेल्या किती ओळी परत आल्या ते मोजावे. ओरॅकल शिकायचे असेल, तर त्याची मोफत आवृत्ती त्याच मशीनवर चालते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे करू देत नाहीत, म्हणून घरी करावे.

पुण्याला मुलाखतीला जाणाऱ्यांना शटडाउनच्या रीतींतील फरक हमखास विचारतात, आणि व्याख्या सगळ्यांनाच येते. मी मुलाखत घेणाऱ्याच्या बाजूला बसतो तेव्हा पुढचा प्रश्न विचारतो: आज्ञा देऊन दहा मिनिटे झाली, सर्व्हर बंद होत नाही, तुम्ही काय पाहाल? ज्या उमेदवाराने घरी तो प्रयोग केलेला असतो तो लॉगपासून सुरुवात करतो, मग कोणाच्या जोडण्या उरल्या आहेत आणि रोलबॅक चालू आहे का हे सांगतो. बाकीचे बहुतेक जण सरळ प्रोसेस मारण्याची आज्ञा सांगतात.