ऑफ-रोड गाडीचा क्लच जळतो कुठे? या चुका टाळा

पावसाळ्यात ट्रेलवरून आलेल्या गाडीची गॅरेजमधली तक्रार ठरलेली असते: 'क्लच कमजोर आहे, हेवी ड्यूटी टाकून द्या.' किट बदलतं, खिसा रिकामा होतो आणि पुढच्या हंगामात तोच जळका वास पुन्हा येतो. कारण क्लच मुळात कमजोर नसतोच. लो रेंज (4L, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा संथ पण जास्त जोराचा गिअर संच; 4H हा त्याचाच नेहमीच्या वेगाचा भाऊ) न वापरणं, टायर मोठे करून गिअरिंगकडे दुर्लक्ष करणं आणि रोगाचं निदान न करता सुटे भाग बदलणं, यातलं एखादं तरी कारण बहुतेक जळालेल्या प्लेटमागे सापडतं. जिप्सी, थार, गुरखा, जिम्नी, सगळ्यांना हे लागू आहे.

चूक पहिली आणि सगळ्यात महागडी: 4H मध्ये हाफ क्लच

उभी गाडी हलवताना क्लच घसरतो आणि त्या घसरण्यातून उष्णता तयार होते. सपाट जागी इंजिनाचे आरपीएम साधारण तेच ठेवून गाडी उचलली, तर क्लचमधली उष्णता गाडीने घेतलेल्या गतिज ऊर्जेइतकी असते, म्हणजे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. त्याच गिअरमध्ये 4H ऐवजी 4L लावला की क्लच पूर्ण जुळतो तेव्हाचा वेग कमी असतो. जिम्नीच्या लोचं गिअर गुणोत्तर हायच्या दुप्पट आहे, म्हणजे वेग निम्मा आणि उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. थारचा जवळपास अडीच पट आहे, तिथे ती सहाव्या हिश्श्यापर्यंत उतरते. जिप्सीचा लो मात्र हायच्या जेमतेम 1.6 पट. म्हणून जिप्सीवाल्याने लो लावूनही पायाचा हिशोब ठेवावा लागतो.

तरीही 'अजून गरज नाही' म्हणून लो टाळणारे भरपूर. गरज चाकं फिरायला लागल्यावर ओळखायची नसते. चढ, दगड किंवा खोल चिखल समोर दिसला की उभं राहून लो लावा, मगच पुढे जा. लोमध्ये सपाटीवर दुसऱ्या गिअरमध्येही गाडी सहज उचलते. क्लच एकदाच, एका दमात, पूर्ण सोडायचा आणि वेग फक्त ॲक्सिलरेटरने सांभाळायचा. अडथळ्याच्या मध्यात क्लच दाबावासा वाटला, तर गिअर चुकला आहे असं समजा.

डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय खडबडीत रस्त्यावर भलतीच महाग पडते. गाडी उसळली की पाय उसळतो आणि पेडल नकळत सेंटिमीटरभर दबतं. क्लच प्लेटला इंजिनाच्या फ्लायव्हीलवर (जड चाकावर) दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची पकड तेवढ्यापुरती ढिली होते, नेमकी चाकांना पूर्ण ताकद हवी असते तेव्हाच. क्लच लागत नसेल तेव्हा पायाची जागा डेड पेडलवर (डावा पाय टेकवायच्या पट्टीवर) किंवा फ्लोअरवर.

वाळूत चूक टायरपासून सुरू होते. हवा 30-32 पीएसआय ठेवून कोकणातल्या पुळणीवर गाडी घातली की चाकं रुततात आणि चालक क्लच घासत ती बाहेर काढू बघतो. 15 ते 18 पीएसआयवर आणा, क्लचवरचा निम्मा त्रास तिथेच संपतो. डांबरी रस्त्यावर परतायच्या आधी हवा पुन्हा भरा.

रुतलेली दुसरी गाडी ओढतानाही प्लेटी जातात. ताठ दोर बांधून हाफ क्लचवर खेचत बसू नका. कायनेटिक रोप (ताणला जाणारा लवचीक दोर) वापरा, 4L लावा आणि दोर ताठ होण्याआधी क्लच पेडल पूर्ण सोडलेलं असू द्या. झटका दोर झेलतो, प्लेटला झेलावा लागत नाही.

वास आला की

वास आला म्हणजे फेसिंग (प्लेटवरचं घर्षणाचं अस्तर) तापलं, जळून संपलं असं नव्हे. सुरक्षित जागी थांबा, न्यूट्रल करा, क्लच पेडल सोडा आणि इंजिन पंधरा-वीस मिनिटं आयडलवर चालू ठेवा. पेडल सोडलेलं असलं की प्लेट, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकत्र फिरतात, हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कवचात, म्हणजे बेल हाउसिंगमध्ये) हवा खेळते आणि उष्णता जड लोखंडात पसरते. लगेच इंजिन बंद केलं तर सगळी उष्णता जागच्या जागी मुरते. हाउसिंगवर पाणी ओतू नका.

हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलचा जोर फ्लुइडमधून क्लचपर्यंत जातो; क्लचकडचा स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या आत असेल तर फ्लुइड तापून पेडल मऊ पडू शकतं. थंड झाल्यावर पेडल परत आलं म्हणून विसरून जाऊ नका, फ्लुइड बदला.

निदान न करता किट मागवणं

क्लचच्या तक्रारी मुख्यतः तीन: घसरणं, न सुटणं (पेडल दाबूनही प्लेट मोकळी न होणं) आणि थरथरणं. तिघांचे उपाय वेगळे आहेत, पण उपचार बहुधा एकच होतो: गिअरबॉक्स उतरवा.

घसरतो का, हे रस्त्यावर बघा. चौथ्या गिअरमध्ये 40-50 च्या वेगाने चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम उडी मारून वर गेले आणि वेग मागेच राहिला, तर घसरतोय. उभ्या गाडीवर चाचणी अशी: हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून धरा, चौथा गिअर टाका, 2000 आरपीएमला क्लच सोडा. इंजिन तात्काळ बंद पडलं पाहिजे. एकदाच करा. 'परत दाखव, परत दाखव' म्हणत पाच वेळा केली तर चाचणीच प्लेट खाऊन टाकते.

घसरतोय म्हणून लगेच प्लेट संपली असंही नाही. वायरवाल्या जिप्सीत आधी पेडलचा फ्री प्ले (क्लचवर जोर येण्याआधी पेडल जेवढं मोकळं दबतं ते अंतर) बघा. 20 ते 30 मिलिमीटर चालतो, नेमका आकडा तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधला घ्या. प्ले शून्य झाला असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) कायम प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगवर टेकलेलं राहतं, क्लच पूर्ण बसत नाही आणि चांगली प्लेटही घसरते. दोन नट फिरवून बरा होणारा हा आजार आहे. बहुतेक हायड्रॉलिक क्लचमध्ये प्ले आपोआप जुळतो, तिथे ॲडजस्ट करायला काही नसतं.

क्लच सुटत नाही याची खूण म्हणजे रिव्हर्स टाकताना दातांची करकर. आयडलवर पेडल पूर्ण दाबून चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही करकरला तर प्लेट फिरतीच आहे. आता पेडल तीन-चार वेळा पंप करून परत बघा. गिअर गुपचूप पडला तर दोष हायड्रॉलिकचा: सिस्टिममध्ये हवा, पेडलकडच्या मास्टर सिलिंडरचं वॉशर किंवा स्लेव्हची गळती. गिअरबॉक्सला हात लावायची गरज नाही. फ्लुइड डॉट 3 किंवा डॉट 4, रिझर्व्हॉयरच्या झाकणावर लिहिलेलंच. दर दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतला ओलावा शोषतं. त्यात इंजिन ऑइल टाकलं की रबर फुगतं आणि सगळी सील बदलावी लागतात.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने ब्लीड निपल (स्लेव्हवरचा हवा सोडायचा स्क्रू) अर्धा फेरा सैल करून परत घट्ट करायचा, त्यानंतरच पहिल्याने पेडल सोडायचं. क्रम उलटला की हवा परत आत. नळीचं टोक फ्लुइडमध्ये बुडालेलं असू द्या आणि रिझर्व्हॉयर मध्येच रिकामा होऊ देऊ नका.

थरथर बहुधा तेलामुळे: क्रँकचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं इनपुट सील गळतं आणि फेसिंग भिजतं. फ्लायव्हीलवर निळे डाग पडले असतील तरी थरथर येते. पण आधी इंजिन माउंट बघा. उड्या मारणाऱ्या गाड्यांमध्ये ते फाटलेलं असतं आणि बिल क्लचच्या नावाने फाटतं.

आवाजाचं गणित सोपं आहे. पेडल दाबल्यावर येणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येऊन दाबल्यावर जाणारा आवाज गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगचा.

पाणी, चिखल आणि फाटलेलं बूट

ओढा ओलांडताना मध्येच क्लच दाबू नका. प्लेट सुटताच पाणी फेसिंगमध्ये शिरतं आणि परत सोडल्यावर पकड मिळत नाही, तीही ओढ्याच्या मधोमध. गिअर काठावरच ठरवा. पलीकडे गेल्यावर क्लच दोन-तीन वेळा हलका घसरवून फेसिंग वाळवा.

खरं नुकसान चिखलाचं. रिलीज बेअरिंग ढकलणारा रिलीज फोर्क बेल हाउसिंगमधून जिथे बाहेर येतो तिथे रबरी बूट असतं. ते फाटलेलं असलं की पातळ चिखल थेट आत जातो. सुकल्यावर त्याची पूड रिलीज बेअरिंगच्या स्लीव्हवर आणि इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (प्लेट जिच्यावर सरकते त्या खाचांवर) बसते आणि वाळूकागदाचं काम करते. पेडल जड होतं, अडखळत परत येतं, क्लच अर्धवट सुटतो. मोठ्या ट्रिपआधी गाडीखाली टॉर्च घेऊन वाका, बूट आणि इन्स्पेक्शन कव्हर दोन्ही बघा. ड्रेन होल असेल तर त्यातला चिखल तारेने काढा, पण भोक बुजवू नका. आतलं पाणी आणि गळकं तेल तिथूनच बाहेर येतं.

समुद्राचं पाणी लागलेली गाडी न चालवता महिनाभर उभी ठेवली की प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटू शकते. त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा आणि धुतल्यावर थोडी चालवा.

मोठे टायर, तेच गिअर

205/70 R15 चा व्यास साधारण 668 मिलिमीटर, 235/75 R15 चा 734. जिप्सीवर हा बदल सर्रास होतो. व्यास दहा टक्के वाढला म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा 'उंच' झाला, आणि वर्गाच्या हिशोबाने प्रत्येक उचलीला क्लचमध्ये वीस टक्के जास्त उष्णता. वर टायरचं वजन, स्टीलचा बंपर, विंच. इंजिन तेच, सुमारे 103 न्यूटन-मीटरचं.

याचा इलाज कडक प्रेशर प्लेट नाही. डिफरन्शिअलमधल्या क्राउन-पिनियनचं गुणोत्तर बदलणं किंवा ट्रान्सफर केसमध्ये (हाय-लो निवडणाऱ्या गिअरपेटीत) खालचे गिअर बसवणं हा इलाज. खर्च जास्त आहे, पण दुखणं मुळातून जातं. दोन्ही डिफरन्शिअलचं गुणोत्तर सारखंच हवं, नाहीतर 4x4 लावताच पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतील.

अपग्रेड केव्हा, कोणतं

इंजिनाची ताकद वाढवली असेल, गाडी कायम भारलेली असेल किंवा वारंवार ओढकाम असेल, तरच हेवी ड्यूटी सेट घ्या. त्यातही स्प्रिंग हब असलेली ऑरगॅनिक प्लेट आणि थोड्या जास्त दाबाची प्रेशर प्लेट पुरते. सिरॅमिक बटणवाली प्लेट रेसची आहे. ती एकदम पकडते, दगडांवर इंच-इंच सरकायचं असतं तिथे धक्के देते आणि फ्लायव्हील कुरतडते. केव्हलर टिकाऊ, पण रन-इन (नवी प्लेट रुळण्याचा काळ) लांब, आणि सुरुवातीलाच तापवली तर काचेसारखी गुळगुळीत होते.

प्रेशर प्लेट जितकी कडक, तितका पेडल, वायर, फोर्क आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर ताण जास्त. वायर जुनीच ठेवून कडक प्लेट बसवली की वायर ताणते, क्लच सुटत नाही आणि दोष नव्या सेटवर येतो.

गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर

फक्त प्लेट बदलणं ही कंजुषी अंगाशी येते, कारण मजुरी पुन्हा तेवढीच लागते. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं सील, इनपुट सील आणि फोर्कचं बूट एकदम बदला. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लेथवर सपाट करून घ्या. पायरीवालं असेल तर पायरीची उंची मूळ तेवढीच राहिली पाहिजे. काही डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं. ते लेथवर चढवायचं नाही, ढिलं झालं असेल तर बदलायचं.

नव्या प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. स्प्लाइनला उष्णता सोसणारं ग्रीस नखभरच, जास्तीचं उडून फेसिंगवर जातं. प्लेटची 'फ्लायव्हील साइड' वाचा, अलाइनमेंट टूल लावा, बोल्ट आडवे-तिडवे थोडे-थोडे कसा आणि शेवटी मॅन्युअलच्या टॉर्कवर आणा. सगळ्यात जास्त घाई होते ती यानंतर: गिअरबॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नका. हब वाकतो आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून नीट सुटत नाही. पुढचे 500 किलोमीटर शहरात, भरपूर गिअर बदलत चालवा. ट्रेल नंतर.

रानात क्लच गेलाच तर

जिप्सीवाल्यांनी सुटी क्लच वायर आणि पाने, हायड्रॉलिकवाल्यांनी फ्लुइडची सीलबंद बाटली आणि ब्लीड निपलला बसणारी नळी बरोबर ठेवावी. वायर तुटली किंवा पेडल खाली गेलं आणि दुरुस्ती शक्य नसेल, तर समोरचा रस्ता मोकळा असल्याची खात्री करा, 4L आणि पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा आणि गिअरमध्येच स्टार्टर मारा. गाडी सरकतच सुरू होईल. क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट न होणाऱ्या गाडीत पेडल तरीही दाबा: स्विच पेडललाच असतो, प्लेट सुटो न सुटो. घट्ट डांबरावर यायच्या आत 2H (फक्त दोन चाकांना ताकद) करा, पण चालत्या गाडीत नको. सपाटीला इंजिन बंद करून थांबा, 2H आणि पहिला गिअर टाका, पुन्हा स्टार्टर मारा. पुढे गिअर बदलताना ॲक्सिलरेटर सोडून न्यूट्रल, आरपीएम उतरू द्या, मग पुढचा गिअर अलगद. थांबायचं असेल तेव्हा आधी न्यूट्रल, मग ब्रेक.