कुत्र्याच्या कर्करोगावर केमोथेरपी: पर्याय निवडताना आणि उपचार चालू असताना

कुत्र्याला कर्करोग असल्याचे कळले की केमोथेरपी द्यावी की नाही, हा प्रश्न लगेच पुढे येतो. पण गाठ कोणत्या प्रकारची आहे आणि कुठवर पसरली आहे, हे समजल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. त्यामुळे सुईने पेशी काढून केलेली तपासणी किंवा बायोप्सी, रक्तचाचण्या, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी आधी करून घ्यावी. निदान पक्के होण्यापूर्वी केवळ सूज उतरावी म्हणून प्रेडनिसोलोन सुरू करणे टाळावे, कारण लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) असल्यास या स्टेरॉइडने गाठी तात्पुरत्या बसतात, तपासणीचा निष्कर्ष धूसर होतो आणि पुढील औषधांना पेशी दाद देईनाशा होऊ शकतात.

लिम्फोमात केमोथेरपी हाच मुख्य उपचार असतो. व्हिन्क्रिस्टीन, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसीन आणि प्रेडनिसोलोन ही औषधे आलटूनपालटून साधारण १९ ते २५ आठवडे दिली जातात. बहुतेक कुत्र्यांच्या गाठी यात विरघळतात, मात्र आजार कायमचा जाणे विरळच. बी-पेशी या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींपासून होणाऱ्या लिम्फोमात साधारण वर्षभराचे चांगले आयुष्य मिळणे हे वास्तववादी उद्दिष्ट होय. इतक्या फेऱ्या झेपणार नसतील, तर दर तीन आठवड्यांनी फक्त डॉक्सोरुबिसीन देता येते. हे औषध हृदयावर साचत जाणारा परिणाम करते, म्हणून एकूण मात्रेवर मर्यादा असते आणि आधी इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) करून घेणे शहाणपणाचे ठरते.

हाडाच्या कर्करोगात क्रम वेगळा असतो: आधी पाय काढण्याची शस्त्रक्रिया आणि नंतर दडलेल्या पेशींसाठी कार्बोप्लॅटिन. मास्ट पेशींच्या (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींच्या) गाठींवर व्हिनब्लास्टीनची इंजेक्शने किंवा टोसेरानिबच्या गोळ्या वापरतात. समागमातून पसरणाऱ्या गुप्तांगावरील गाठीला मात्र आठवड्याला एक याप्रमाणे दिलेली व्हिन्क्रिस्टीनची काही इंजेक्शनेच बहुधा पूर्ण बरे करतात. कोली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांसारख्या जातींत एमडीआर१ या जनुकातील दोषामुळे व्हिन्क्रिस्टीन व डॉक्सोरुबिसीन नेहमीच्या मात्रेतही घातक ठरू शकतात. पहिल्या इंजेक्शनपूर्वीच या जनुकाची चाचणी करावी.

पालक सर्वाधिक धास्ती घेतात ती केस गळण्याची, आणि ती बहुतांशी अनाठायी आहे. पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जाती सोडल्या, तर कुत्र्यांचे केस फारसे जात नाहीत. खरे लक्ष तापाकडे हवे. उलटी, जुलाब किंवा अन्नावरची वासना उडणे हे पहिल्या दोन ते पाच दिवसांत दिसते आणि पशुवैद्याने आधीच दिलेल्या औषधांनी बहुधा आटोक्यात येते. जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र अनेक औषधांनंतर सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत खाली जातात. या काळात कुत्रा मलूल दिसल्यास गुदद्वारातून तापमान मोजावे आणि ते ३९.४ अंश सेल्सियसच्या वर असल्यास सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा. माणसांची तापाची गोळी देऊ नये. आयबुप्रोफेनसारखी औषधे कुत्र्याला विषारी ठरतात.

केमोच्या गोळ्या फोडू अथवा कुटू नयेत आणि त्या हाताळताना हातमोजे घालावेत. औषधाचा अंश मलमूत्रातून बाहेर पडतो, त्यामुळे निदान तीन दिवस शी-शू आणि उलटी साफ करतानाही हीच काळजी घ्यावी, आणि गर्भवती स्त्रिया व लहान मुलांना या कामापासून दूर ठेवावे. सायक्लोफॉस्फामाइड दिल्यावर भरपूर पाणी पाजून कुत्र्याला वारंवार लघवीला न्यावे. लघवीत रक्त दिसल्यास पुढची मात्रा थांबवून लगेच पशुवैद्याला कळवावे.