मधाची बरणी वर्षानुवर्षं टिकवायची तर

इंदूरला पहिला पाऊस पडला की मी मधाच्या बरणीचं झाकण आधी तपासते. मधाचा खरा शत्रू पाणी, आणि पावसाळ्यात ते हवेतूनच येतं. मध ओलावा ओढून घेतो.

चांगल्या पिकल्या मधात पाणी १७-१८ टक्केच असतं. माशा पंखांनी वारा घालून मकरंद आटवतात आणि मगच कप्प्याला मेणाचं झाकण लावतात. एवढ्या कमी पाण्यात जंतूंना वाढता येत नाही. त्यात मध आम्लधर्मी, आणि माशांच्या लाळेतल्या एन्झाइममुळे ओल लागताच थोडं जंतुनाशक हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतं. प्राचीन इजिप्तमध्ये जखमांवर मध बांधत ते उगीच नाही. आपल्याकडे पचमढीच्या शैलचित्रांतही पोळं उतरवणारी माणसं आहेत. माणसाची मधाशी ओळख इतकी जुनी!

म्हणून घेतानाच विचारा: पोळं मेणाने बंद झालेलं होतं का? घाईने काढलेला, पाण्यासारखा पातळ मध कितीही जपा, आंबतोच.

भरायला काचेची नाहीतर चिनी मातीची बरणी घ्या. धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. लोखंड, पितळ नको, आम्लाने धातू उतरतो. चमचा कोरडाच हवा, चाटलेला तर मुळीच नको. मोठ्या बरणीतून रोज काढू नका. आठवड्यापुरता मध छोट्या बाटलीत काढून ठेवा, आमच्याकडे हीच रीत आहे.

थंडीत मध रवाळ झाला की लोक लगेच "साखर घातली" म्हणतात. फार चुकीचं! ग्लुकोज जास्त असलं की तो गोठतो. मुरैनाकडचा मोहरीचा मध तर भराभर. गोठण्यावरून मध खरा-खोटा ठरत नाही. मी तो तसाच पोळीला लावते. पातळच हवा असेल तर हाताला सोसेल एवढ्या कोमट पाण्यात बरणी ठेवा. गॅसवर कधीच नको, सुगंध आणि एन्झाइम दोन्ही जातात. फ्रिजमध्येही ठेवू नका, तिथे लवकर गोठतो.

एक कळकळीने सांगते: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, रीत असली तरीही. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते सहसा बाधत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात.

झाकण उघडताना फुस्स आवाज आला, वर फेस दिसला, आंबूस वास आला, तर तो मध आंबला. तो खाऊ नका. बरणी उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळल्यावरच नवा मध भरा.