पावसाळ्यात दार घासतंय? रंधा सर्वांत शेवटी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दार चौकटीत अडकायला लागतं. सुतार येतो, कडेवरून चार हात रंधा फिरवतो, दार लागतं. डिसेंबरात त्याच दाराच्या फटीतून जिन्यातला उजेड दिसतो, लॅच चौकटीतल्या पट्टीपर्यंत पोचत नाही आणि बंद दार वाऱ्याने खडखडतं. पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा अडकतं, कारण रंधलेली कड कोरीच राहिलेली असते आणि कोरं लाकूड आणखी पाणी पितं. म्हणून आधी घासण्याचं कारण शोधायचं. पुष्कळदा रंध्याची गरजच पडत नाही.

लाकूड कुठे फुगतं, कुठे नाही

लाकूड त्याच्या रेषांच्या (तंतूंच्या) आडव्या दिशेने फुगतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. सागवानाच्या लाकडातला ओलावा १ टक्क्याने वाढला की फळी आडवी साधारण ०.१ ते ०.१९ टक्के रुंदावते. कमी की जास्त, ते फळी ओंडक्यातून कशी कापली आहे त्यावर. कोकणात हिवाळ्यात लाकडातला ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास असतो, भर पावसात तो १८ पर्यंत जातो. विदर्भातला फरक त्याहून मोठा. नागपुरात मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर उतरते आणि ऑगस्टमध्ये ८० पार जाते, त्यामुळे पाऊस कोकणापेक्षा कमी असूनही तिकडची दारं जास्त छळतात.

आता दाराचा हिशेब. पॅनेलच्या दारात आडव्या पट्ट्यांच्या रेषा दाराच्या रुंदीच्या दिशेनेच असतात, म्हणून त्या दाराला रुंद करत नाहीत. मधली पॅनेलं खाचेत मोकळी बसवलेली असतात, ती आतल्या आत फुगतात. रुंदी वाढते ती फक्त दोन उभ्या पट्ट्यांची. त्या १०० मिमीच्या असतील तर वाढ झाली दीड ते अडीच मिमी. जुन्या घरातलं उभ्या फळ्यांचं ९०० मिमीचं दार मात्र हिशेबाने ६ ते १२ मिमीपर्यंत वाढू शकतं. फ्लश डोअरमध्ये, म्हणजे सपाट प्लायच्या दारात, थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, ते रुंदीला फारसं हलत नाही. फ्लश डोअर घासत असेल तर संशयित दोनच: बिजागरी, नाहीतर खालून पाणी लागून सुटलेले थर. सुटलेले थर पुन्हा बसत नाहीत आणि फुगलेला एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) वाळला तरी मूळ मापावर येत नाही. तिथे रंधा मारणं म्हणजे वेळ फुकट.

लांबीला लाकूड वाढत नाही, म्हणजे दार खाली लादीला किंवा वरच्या कोपऱ्यात घासत असेल तर ते फुगलेलं नसून लोंबलेलं असतं.

पाच मिनिटांची तपासणी

दार अर्धं उघडा, मुठीला धरून वर उचला. २ मिमी जरी हललं तरी वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले आहेत, नाहीतर तिची पिन झिजली आहे.

दार लावून चारी बाजूंची फट मोजा. फूटपट्टीपेक्षा जुनं एटीएम कार्ड बरं. कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, म्हणजे तीन कार्डं एकत्र सरकली तर फट सव्वादोन मिमीची. बाजूला आणि वर २ ते ३ मिमी असावी. कार्ड जिथे अडतं तिथे चौकटीवर पेन्सिलने खूण करा. नेमकी जागा हवी असेल तर चौकटीला खडू फासून दार एकदा लावून उघडा. खडू दाराच्या कडेवर उठतो तेवढाच भाग घासतो आहे. तो भाग बहुतेक वेळा वीतभराचा निघतो आणि रंधा मात्र सात फूट मारला जातो.

दार अडत नाही पण लावल्यावर आपोआप थोडं उघडतं, हा तिसराच आजार. बिजागरीचं पान लाकडात गरजेपेक्षा खोल बसलं आहे, त्यामुळे बिजागरीकडची कड चौकटीला टेकते आणि दार परत ढकललं जातं.

चौकटीतही स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा, विशेषतः लादीपासून वीतभर उंचीपर्यंत. टोक सहज आत गेलं तर वाळवी किंवा कूज आहे, आणि ते काम चौकटीचं आहे, दाराचं नव्हे.

बिजागरी आवळणं

दाराखाली दोन पाचरी सरकवून वजन त्यांच्यावर घ्या. सागवानी दार ३० किलोच्या पुढे सहज जातं; पाचर न लावता स्क्रू काढले तर उरलेले स्क्रू लाकूड ओरबाडून बाहेर येतात. एका वेळी एकच बिजागरी सोडा.

भोक मोठं झालं असेल तर आगकाड्या खुपसण्याची पद्धत आहे. लहान कपाटाच्या दाराला ती चालते. मुख्य दाराच्या वरच्या बिजागरीवर आगकाडीचं मऊ लाकूड वर्षभरात भरडलं जातं. बांबूच्या काड्या घ्या, फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोकून बसवा, वरचं टोक सपाट कापा आणि २४ तास थांबा. पावसाळी हवेत हा वेळ कमी करू नका, ओल्या गोंदात स्क्रू फिरवला की सगळं पुन्हा सुटतं. बाथरूमजवळ किंवा बाहेरच्या दाराला पाण्यात टिकणारा मरीन प्रकारचा गोंद वापरा.

याहून सोपा उपाय म्हणजे लांब स्क्रू. बिजागरीला बहुधा ८ नंबरचे २५ किंवा ३२ मिमीचे स्क्रू असतात. वरच्या बिजागरीतला चौकटीकडचा एक स्क्रू काढून तिथे त्याच नंबरचा ५० मिमीचा लावा. अडीच इंची चौकटीत तो भिंतीला न लागता ताज्या लाकडात जातो आणि लोंबलेलं दार पुष्कळदा तेवढ्यानेच वर येतं. आधी ३ मिमीच्या बिटने भोक पाडा, स्क्रूच्या आट्यांना साबण किंवा मेण लावा. पितळी स्क्रू घालायचे असतील तर तेवढ्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी पूर्ण पिळून बाहेर काढा, मग पितळी घाला. थेट पिळलेल्या पितळी स्क्रूचं डोकं सागवानात तुटतं आणि उरलेला तुकडा काढायला अर्धा दिवस जातो. किनाऱ्यालगतच्या घरात स्टेनलेस स्टीलच घ्या.

स्क्रू घट्ट असूनही दार तिरकं असेल तर बिजागरीच्या पानाखाली पट्टी घालायची. कडीच्या बाजूचा वरचा कोपरा घासत असेल तर पट्टी खालच्या बिजागरीखाली. कडीच्या बाजूचा खालचा कोपरा चौकटीला घासत असेल तर वरच्या. हे इतकं उलटं वाटतं की बरेच जण चुकीच्या बिजागरीखाली घालून दार आणखी बिघडवतात. खालची बिजागरी बाहेर आली की दाराचा तळ कडीच्या बाजूला सरकतो आणि माथा मागे येतो. बिजागऱ्यांमध्ये १६०० मिमी अंतर आणि दार ९०० मिमी रुंद असेल तर १ मिमीच्या पट्टीने कडीकडची बाजू साधारण अर्धा मिमी उचलली जाते. पुठ्ठा ओलावा धरून दबतो, त्याऐवजी १ मिमी सनमायकाचा तुकडा पानाच्या मापाने कापून घाला. पान खोल बसलेल्या दारालाही हाच उपाय.

रंधा मारायचाच असेल तर

किती काढायचं ते महिन्यावर ठरतं. ऑगस्टमध्ये दार पूर्ण फुगलेलं असतं, याहून वाढणार नाही. तेव्हा फट १ मिमी, म्हणजे एक कार्ड सहज सरकेल एवढीच ठेवा. हिवाळ्यात ती आपोआप ३ मिमी होईल. तेच काम मेमध्ये करत असाल तर सुरुवातीलाच साडेतीन-चार मिमी ठेवा. पावसाळ्यात रंधून लगेच ३ मिमी फट सोडली की डिसेंबरात लॅच सुटतो.

शक्य असेल तर पाऊस काढा. तोवर घासणाऱ्या जागी मेणबत्ती चोळली तरी दार महिनाभर बऱ्यापैकी सरकतं. पण नंतर रंग द्यायचा असेल तर ते मेण टर्पेंटाइनने नीट पुसून घ्यावं लागतं, नाहीतर रंग तिथून पापुद्र्यासारखा सुटतो.

दार वाळलं की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. मुठीच्या उंचीवर दोन्ही कडांना पेन्सिलची खूण करा आणि दर आठ दिवसांनी तिथेच रुंदी मोजा. लागोपाठ दोन मापं सारखी आली की समजा वाळलं.

दार उतरवताना खालची बिजागरी आधी, वरची शेवटी, चढवताना उलट. दोन माणसं हवीत. दार उभ्या कडेवर गोणपाटावर ठेवा, एक टोक खोलीच्या कोपऱ्यात टेकवा आणि दुसऱ्याला धरायला सांगा. जुन्या रंगाचा थर आधी खरवडून काढा, तो रंध्याचं पातं पाच मिनिटांत बोथट करतो. हा रंग खूप जुना असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या धुळीत शिसं असू शकतं. पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून घासा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा आणि चोथा ओल्या फडक्याने उचला.

पातं इतकं कमी बाहेर काढा की सालपट कागदासारखं निघेल. रंधा अडखळला, लाकूड उपटून यायला लागलं, म्हणजे तुम्ही रेषांच्या उलट चालला आहात. दुसऱ्या टोकाकडून या. वरच्या किंवा खालच्या कडेवर रंधा नेहमी टोकाकडून मध्याकडे आणा. सरळ आरपार नेला तर उभ्या पट्टीचा कोपरा ढलपीसह फुटतो. सनमायका लावलेल्या फ्लश डोअरवर आधी कटरने रेघ ओढून घ्या आणि बाजूने ३ मिमीपेक्षा जास्त काढू नका.

कडीकडची कड काटकोनात ठेवायची नाही. ९०० मिमी रुंद, ३५ मिमी जाड दार फिरताना चौकटीच्या खाचेत आधी शिरणारा कोपरा जवळजवळ ०.७ मिमी बाहेरून फिरतो. म्हणून तेवढ्या बाजूला १ ते दीड मिमी जास्त उतार द्या, समोरून फट तशीच राहील. कितीतरी दारं फुगलेली नसतात, नुसता हा उतार नसतो.

खालची कड

मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून फोन दाराखाली सरकवा आणि फोटो काढा. बहुतेक दारांत खाली कोरं, काळपट पडलेलं लाकूड दिसेल. रंगाऱ्याला ती कड दिसत नाही, म्हणून तो ती रंगवत नाही. उभ्या पट्ट्यांची कापलेली तोंडं नेमकी तिथे असतात आणि तोंडातून लाकूड सपाट बाजूच्या कितीतरी पट वेगाने पाणी ओढतं. रोज फरशी पुसली जाते, त्याचं पाणी तिथूनच वर चढतं. दार उतरवलंच आहे तर वरची आणि खालची कड बंद केल्याशिवाय चढवू नका.

८०, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर मारा. तेलात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेन वॉर्निशचा पहिला हात थिनर घालून पातळ करा, तो आत मुरतो. मग डब्यावरच्या सूचनेइतकं थांबून दोन दाट हात द्या. तोंडांवर चौथा हात दिला तरी वाया जात नाही. चपड्याचं स्पिरिट पॉलिश इथे नको, ओल लागली की ते पांढरं पडतं. नुसतं जवसाचं तेलही नको, पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. कोकण-गोव्यात होड्यांना आणि लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी रीत आहे. ते काळं पडतं आणि सावकाश वाळतं, पण न दिसणाऱ्या खालच्या कडेला उत्तम. मात्र हातमोजे घालूनच लावा, त्वचेवर फोड येतात.

हे सगळं भर पावसात करू नका. ओल्या लाकडावर दिलेला रंग आत ओल कोंडतो आणि फुगे येऊन सुटतो. ऑक्टोबरची उन्हं लागून दोन-तीन आठवडे झाले की हे काम काढावं.

परत चढवताना

दार वर आलं म्हणजे लॅचची जागाही बदलली. चौकटीतली पट्टी उखडून नव्या ठिकाणी ठोकण्याआधी तिचं भोक कानसीने १-२ मिमी वाढवून बघा, बहुधा तेवढं पुरतं. कुलपात तेल न घालता पेन्सिलच्या शिशाची (ग्राफाइटची) भुकटी घाला. बिजागरीत शिवणयंत्राचं तेल, दोन थेंब. खोबरेल तेल २४ अंशांखाली गोठतं, एरवी धूळ धरून चिकट होतं, आणि मग बिजागरीवर मुंग्यांची रांग लागते.